वयोमानानुसार झीज, बाकी ठीक

डॉक्टर मंडळी चहाला जमली की दुसऱ्यांच्या फजित्या रंगवून सांगतात. स्वतःच्या मात्र तशाच साठत जातात. आज मी माझ्याच सांगतो. पुण्यात एक्स-रे सेंटर चालवतो, तेव्हा साठा भरपूर आहे!

*

घोटा झिजला की हाडाचे बारीक तुकडे सुटून सांध्यात फिरतात. हे नुकतंच शिकून आलेलो. पहिल्याच आठवड्यात एका बाईंच्या फोटोत मला दोन तुकडे सापडले. काय तो आनंद!

आमचे टेक्निशियन शेखभाई मागे उभे होते. हळूच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, बाईंनी मोजे काढले नव्हते. आत पैंजण आहे. तुम्ही घुंगरं मोजलीत."

*

एक निवृत्त मास्तर घोट्याचे दोन फोटो घेऊन आले. "परवा तुकडा पुढे होता, आज मागे. चूक कोणाची?"

तुकडा जागा बदलतो, एवढं सांगायचं सोडून घाईत मी म्हणालो, "मशीनची."

"बरोबर. ते उलट बोलत नाही ना!"

*

आमच्या कॉम्प्युटरवर घोट्याचा रिपोर्ट आधीच टाइप करून ठेवलेला असे. अर्थ एवढाच, 'वयोमानानुसार झीज, बाकी ठीक.' वर नुसतं नाव बदलायचं. एकदा कॉलेजात धावणारी एक मुलगी तो कागद घेऊन परत आली. "सर, मी एकोणीस वर्षांची आहे!"

आम्ही पोट धरून हसलो. रिपोर्ट बदलून दिला, सवय बदलली नाही.

*

मग सखूबाई आल्या. मंडईत त्यांचा भाजीचा गाळा. पहाटेपासून उभं राहायचं काम.

"डाक्टर, घोट्यात खडा फिरतोय बगा. मधीच पाय अडकून बसतोय."

फोटो बघून शेखभाई म्हणाले, "साहेब, मागच्या बाजूला काहीतरी दिसतंय. सीटी स्कॅन करू या का?"

बाहेर पंधरा पेशंट खोळंबलेले. मी बाईंच्या देखतच डाफरलो, "शेखभाई, फोटो काढायचं काम तुमचं, वाचायचं माझं!" आणि नाव बदलून तोच कागद दिला.

वयच झालं म्हटल्यावर बाईंनी गाळा दिराला देऊन टाकला आणि घरी बसल्या. आठ महिन्यांनी जिन्यात पाय असा अडकला की हलेना. दुसऱ्या डॉक्टरांनी सीटी केला. हरभऱ्याएवढे तीन तुकडे! ते काढले आणि बाई चालायला लागल्या.

हे कानावर आलं तसा मी जुना फोटो काढून पाहिला. तिन्ही तुकडे तिथेच होते. शेखभाईंकडे मान वर करून बघवेना.

महिन्याभराने सखूबाई स्वतः आल्या. काठी नाही, हातात पेढ्यांचा पुडा. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मावशी, गाळा परत मिळाला का?"

"आता कुटला? दिराची सून बसती तिथं. तिला कसं उठवू?"

मी उठून हात जोडले. "माझी चूक झाली, मावशी. मला ते दिसलं नाही."

"दिसायला आदी बगावं लागतंय, डाक्टर," बाई शांतपणे म्हणाल्या. "ते शेखभाई कुटं हायेत? पेढे त्यांचे हायेत."