वाऱ्याचं कुणी विचारलं नाही

आमच्याकडं खराब हवामान म्हणजे पाऊस. वाऱ्याला कुणी खराब म्हणत नाही. घोड धरणावर चिलापी धरायला जायचं तर वारं सुटलेलं बरंच. पाणी हलतं, मासा गळाशी येतो. पाऊस मात्र नको, काळ्या रानातून मोटरसायकल निघत नाही. म्हणून निघण्याआधी आम्ही एकच गोष्ट विचारायचो, पाऊस हाय का?

कारेगावजवळच्या एका कारखान्यात आम्ही चौघे एकाच लाइनवर. सुट्टी गुरुवारची. शनिवार-रविवार मिळवायचा म्हणजे दुसऱ्यांच्या शिफ्टा अंगावर घ्यायच्या आणि सुपरवायझरच्या मागं मागं फिरायचं. कोकणात जाऊन खडकावरून गळ टाकायची हौस माझ्या मित्राची. शिरूरचाच तो, माझ्या शेजारच्या मशीनवर. हवामान बघणं माझ्याकडं, कारण वाऱ्याचं ॲप माझ्या मोबाइलमध्ये होतं. दोनदा मीच बेत मोडला आणि दोन्ही वेळा तिकडं काही झालं नाही. तेव्हापासून कॅन्टीनमध्ये माझं नाव वेधशाळा.

"वेधशाळा, आज डाळीत मीठ पडंल का?" मित्र विचारायचा, आणि अख्खं टेबल हसायचं. मीही हसायचो. आतून जळायचो.

तिसरा बेत दिवाळीनंतरचा. आदल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी ॲप उघडलं. पावसाचा थेंब नव्हता. पण शनिवारी दुपारनंतर किनाऱ्यालगतचा हिरवा रंग पिवळा होत होता, मग लाल, म्हणजे जोराचं वारं. लाटांची उंचीही चढत होती. मी बोटानं मागंपुढं करून पुन्हा पाहिलं. तेच.

मित्र समोर ताट घेऊन बसला. "बोला वेधशाळा, हाय का पाऊस?"

"नाही. आभाळ साफ आहे."

"आरं, शिकलं की बेनं!" तो बाकीच्यांकडं बघून म्हणाला. "भरा पिशव्या."

वाऱ्याचं कुणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. पुन्हा हसू होऊ नये, एवढ्यासाठी.

शनिवारी खडकावर ऊन होतं. वारं दुपारी सुटलं, मला माहीत होतं तसंच. आमच्या पायाशी फेस यायला लागला आणि मित्र पोरासारखा खूश झाला. "वारं सुटलं रं! आता लागतोय मासा," म्हणत तो रॉड घेऊन पुढच्या खडकावर गेला. धरणावर आम्ही असंच करायचो.

मी मागं उभा होतो. हाक मारायला तोंड उघडलंही. पण हाक मारली असती, तर तुला कसं ठाऊक, हा प्रश्न आला असता. त्याचं उत्तर मी मनात जुळवत होतो, तेवढ्यात लाट आली. ती गेली तेव्हा खडक ओला आणि रिकामा होता.

दुसऱ्या दिवशी सापडला.

पोलिसांना सगळ्यांनी खरंच सांगितलं, पाऊस नव्हता, आभाळ साफ होतं, अचानक लाट आली. घोडनदीच्या घाटावर दशक्रियेला पुढाऱ्यांची भाषणं झाली. निसर्गापुढं कुणाचं चालतं, असं एक जण म्हणाला आणि गर्दीनं माना हलवल्या. मीही हलवली. मित्राची बायको मला म्हणाली, "भावजी, तुम्ही तिथं होता म्हणून निदान घरी तरी आले ते." त्यानंतर त्यांच्या गल्लीतून जायचं असलं की मी बाजार समितीच्या बाजूनं वळसा घेतो.

ते ॲप मी काढून टाकलेलं नाही. आजही कामावर जाण्याआधी त्या किनाऱ्यावरचा वारा बघतो. तिकडं लाल दिसलं की इकडं उसाची पानं वाजली तरी अंगावर काटा येतो. मशीनवर शेजारी आता दुसरा माणूस असतो. तो काही बोलायला वळला की क्षणभर वाटतं, वेधशाळा म्हणेल.

मागच्या आठवड्यात मित्राच्या धाकट्या भावानं मला शिक्रापूरला, त्याच्या गॅरेजवर बोलावलं.

"दादा, शनिवारी तिथं जाऊन यायचं म्हंतोय. त्याच खडकावरून नारळ सोडतो. त्याचा जुना रॉड हाय घरात, एकदा पाण्यात टाकतो. हवामान तेवढं बघा. तुमच्यासारखं बघणारं कोन हाय आमच्यात?"

मी मोबाइल काढला. शनिवार दुपार. पिवळा, कडेला लाल.

"पाऊस न्हाई ना?" त्यानं विचारलं.

"पाऊस नाही," मी म्हणालो. मग थांबलो. हायवेवरून ट्रक जात होते, मला मोठ्यानं बोलावं लागलं. "वारा आहे. जाऊ नकोस. आणि त्या वेळीही होता. मला आदल्या दिवशी दिसला होता. मी बोललो नाही."

त्याला पहिल्यांदा कळलंच नाही. "म्हंजी?"

"म्हणजे तुझा भाऊ पुढं गेला, तेव्हा मला माहीत होतं."

तो बराच वेळ फडक्यानं हात पुसत राहिला. ऑइल निघून गेलं होतं तरी पुसत होता. मारेल असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"वहिनीला ठावं हाय?"

"नाही."

त्यानं शटर ओढलं, गाडीला किक मारली. "बसा मागं."

शिरूर येईपर्यंत त्यानं गाडी कुठं थांबवली नाही. घरापुढं गाडी उभी करून त्यानं आत हाक दिली, "वहिनी, जरा भाईर या." आणि मला पुढं केलं.