पिनकोडचा रकाना

सगळं सांगते, पण आधी हे सांगते की मी त्या बाईंना खोटं लिहिलं होतं.

बाई म्हणजे लांबच्या एका मोठ्या देशाच्या खासदार. युद्धात उतरायचं का, यावर तिकडे मतदान होतं आणि एकट्या ह्यांचंच मत अजून ठरत नव्हतं. त्या देशाच्या नौदलाचा तळ बहरीनमध्ये, आम्ही राहायचो तिथेच, म्हणजे युद्ध झालं तर आमच्या डोक्यावर पण काही पडणार, हे आमच्या अरादच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना कळत होतं. आईने बॅगा भरलेल्या. तिने आणि मी चिपळूणला जायचं, बाबा मागे राहणार.

कारण बाबा अस्करला, अ‍ॅल्युमिनियमच्या भट्टीवर कामाला. ती बंद ठेवता येत नाही. काही तास वीज गेली तरी आतला धातू गोठतो आणि भट्टी खलास.

"पण सगळेच निघाले तर?" मी विचारलं.

"तरी कुणीतरी लागतंच ना गो," बाबा म्हणाले.

मग मी त्या बाईंची मुलाखत बघितली. त्या म्हणाल्या, मी लोकांची पत्रं वाचते आणि मग ठरवते. झालं, मी फोन घेऊन बसलेच टाइप करत. भट्टी, अस्कर, बाबांचा व्हिसा, आमच्या बॅगा, सगळं लिहिलं. खाली पिनकोडचा रकाना होता आणि त्यांच्या मतदारसंघातला पिनकोड टाकल्याशिवाय फॉर्म जाईचना. मी मॅपवर तिथलं एक गाव बघितलं आणि त्याचा टाकला. मग वाटलं, त्या गावातल्या मुलीचे बाबा अस्करच्या भट्टीवर कसे असतील? म्हणून भट्टी काढली. व्हिसा काढला, चिपळूण काढलं. उरलं ते एवढंच: माझे बाबा बहरीनमध्ये ड्यूटीवर आहेत, काही झालं तरी जागा सोडणार नाहीत, आणि त्यांच्या काळजीने मला झोप येत नाही.

मतदान आमच्या संध्याकाळी झालं. बाबा शिफ्टला, आई प्रवासासाठी दशम्या लाटत होती, मी फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेला. बाईंचं नाव पुकारलं. त्या 'हो' म्हणाल्या. आई लाटतच राहिली.

सकाळी उत्तर आलं. बाबा चहा पीत होते. मी वाचून मराठीत सांगितलं: तुमच्या वडिलांच्या सेवेबद्दल देश ऋणी आहे. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आपल्या जवानांना एकटं पाडायचं नाही, म्हणून मी होकार दिला.

"जवान कोण?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही. त्यांना तसं वाटलं."

"हे पोट घेऊन?" ते हसले. मग कप खाली ठेवला. "भट्टीचं का नाही लिहिलंस?"

"फॉर्म गेला नसता, बाबा."

"लिहायचं होतंस. चूल सोडून जाता येत नाही, हे त्यांना कळलं असतं."

"चूल विझवता येते," आई आतून म्हणाली. "आणि विझवून माणूस घरी येतो."

बाबांनी उरलेला चहा संपवला. आम्हाला एअरपोर्टला सोडून ते तसेच ड्यूटीवर गेले.

माझ्या एका पत्राने काही झालं नसणार, हे मला कळतं. पण त्यांनी दोनदा वाचलं होतं.

आता चिपळूणला रोज शिफ्ट संपली की बाबांचा मेसेज येतो, 'खलास, रूमवर आलो.' काल तो तीन तास उशिरा आला. ते तीन तास आई दारातच बसून होती, आणि मी तो फॉर्म पुन्हा उघडून सगळं खरं लिहून काढलं, भट्टीपासून चिपळूणपर्यंत. पिनकोडचा रकाना तेवढा रिकामा आहे, त्यामुळे फॉर्म जात नाही.