मिलिंदची डिस्टिलरी

एश्बॉर्नच्या आमच्या व्हिस्की-फेराइनचे, म्हणजे मंडळाचे, किस्से साठतच जातात, कारण बाटली संपते, मिलिंद संपत नाही!

जर्मनीत चार माणसं जमली की मंडळ रजिस्टर होतं, तसं आमचंही झालं. अर्धे पुण्याचे आयटीवाले, अर्धे जर्मन. मिलिंदला अध्यक्ष व्हायचं होतं. निवडणुकीआधीच व्हिजिटिंग कार्डं छापली होती पठ्ठ्यानं! भांडवल काय, तर एका स्कॉटिश डिस्टिलरीचा इतिहास.

*

तिचा मूळपुरुष म्हणे डोंगरात चोरून दारू गाळायचा. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याच्या मागे एक शिपाई होता. दिवाळीपर्यंत पलटण झाली!

"अरे, मागच्या वेळी एकच होता ना?"

"आल्झो, म्हणजे त्याचं असं आहे, नवं संशोधन आहे."

डोंबलाचं संशोधन!

*

तिथली तांब्याची भट्टी बदलली, की नवीवर हातोडीनं जुनेच पोचे पाडतात, नाहीतर चव बदलते. हे सांगताना मिलिंद छातीवर हात ठेवतो. माझ्या सायकलनं त्याच्या गाडीला एवढासा पोचा पडला, तेव्हा मात्र "आत्ताच्या आत्ता गॅरेजला चल!" म्हणून बोंबलला.

*

गेल्या उन्हाळ्यात बायकोला, मंजिरीला, घेऊन तिथं गेला. डिस्टिलरी मधली काही वर्षं कशी बंद पडली होती, हे गाइड सांगत होती. ह्यानं तिला सहा वेळा दुरुस्त केलं. शेवटी ती "मग तुम्हीच सांगा" म्हणाली आणि चहा प्यायला निघून गेली. हा अजून त्याला सन्मान समजतो.

*

मग त्याचे सासरे आले. आप्पा. सांगलीकडच्या साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत उभी हयात गेलेली.

"आप्पा, इथं मळीच्या दारूचं नाव काढू नका हं. लाज जाते," हे त्यानं आमच्यादेखत सांगितलं. असा संताप आला मला! आप्पा नुसतं "बरं" म्हणाले.

*

निवडणुकीच्या दिवशी सेक्रेटरी डीटरनं परीक्षाच ठेवली. नंबर घातलेले तीन ग्लास. "कशात कुठली व्हिस्की ते ओळखलंस, तर तू अध्यक्ष."

मिलिंदनं डोळे मिटून घोट घेतले. पहिली बारा वर्षांची, दुसरी अठरा, तिसरी थेट डिस्टिलरी बंद पडण्याआधीची! "जिभेला इतिहास लागतोय," म्हणाला.

शेजारी बसलेल्या आप्पांनी प्रत्येक ग्लासातले दोन थेंब तळहातावर चोळून हुंगले.

"मिलिंदराव, तिन्ही एकच आहेत हो."

मी ते डीटरला जर्मनमध्ये सांगितलं. त्यानं टेबलाखालून एकच बाटली वर काढली. "गेनाऊ! अगदी बरोबर!"

"मग आप्पाच अध्यक्ष!" कोणीतरी ओरडलं. भराभर हात वर झाले, सगळ्यात आधी मंजिरीचा. डीटरनं ग्लास भरून अध्यक्षांपुढे धरला. आप्पा दोन्ही हात जोडून मागे सरकले.

"अहो, पण मी घेत नाही!"