लग्नाला एक दिवस उशीर

एसटीत कंडक्टर होतो तोवर मी कधी उशीर केला नाही. निवृत्त झालो आणि करकंबला बायकोच्या मावसभावाच्या मुलीच्या लग्नाला चक्क एक दिवस उशिरा पोहोचलो. पत्रिकेतली तारीख मीच वाचली होती. मांडववाला पडदे सोडत होता. "लगीन काल झालं की," तो म्हणाला.

सोलापूर येईपर्यंत बायको एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

पुढचे आठ दिवस मी स्वतःला शिव्या घालत होतो. दाढी करताना आरशात बघून तर मोठ्यानं. भिंतीपलीकडं राहणाऱ्या काकांना ते ऐकू गेलं असावं. रविवारी ते मला त्यांच्या बुद्धविहारात घेऊन गेले. भंतेजी वयानं माझ्या मुलाएवढे. म्हणाले, मैत्रीभावना स्वतःपासून सुरू करायची. मनात म्हणा, मी वैरमुक्त होवो, मी सुखी होवो. सगळ्यांनी डोळे मिटले. माझं गाडं पहिल्याच वाक्याला अडलं.

नंतर भंतेजींना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "हेच मित्राच्या हातून झालं असतं, तर त्याला काय म्हणाला असता?"

"पत्रिका वाचता येत न्हाय का रं बावळटा, असं म्हणालो असतो."

"मित्र किती आहेत?"

"पूर्वी होते."

काका खोकले. भंतेजींनी विचारलं, "नोकरीत कुणी चुकीच्या गाडीत बसलं तर?"

तेव्हा मला एक कानडी आजी आठवल्या. जायचं होतं पंढरपूरला आणि बसल्या अक्कलकोटच्या गाडीत. रडायलाच लागल्या. मी त्यांना शेजारी बसवलं, पाणी दिलं, कुंभारीला उतरवून परतीच्या गाडीत बसवून दिलं.

"त्यांना रागावला नाहीत?"

"आधीच घाबरल्या होत्या हो."

"तुम्हीही घाबरलाच आहात की," भंतेजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दाढी करताना आरशाला सांगितलं, "चुकलं. असू द्या. बसा जरा."

बायको आतून म्हणाली, "तुम्ही माफ केलंत, बरं झालं. माझं अजून व्हायचंय."

मग आहेर घेऊन दोघं करकंबला गेलो. मावसभाऊ हात जोडून म्हणाला, "दाजी, लग्नात लई गडबड झाली. तुमच्याशी धड बोलता बी आलं न्हाय."

आम्ही आलो नव्हतो हे त्याला कळलंच नव्हतं. मी खरं सांगायला तोंड उघडलं, तोवर बायको म्हणाली, "जेवण मात्र झकास होतं."

चहा आला. मी गुमान प्यालो.