जांभळ्या पाण्यातल्या बारक्या पेशी

प्राण्यांच्या दवाखान्यात सगळे तिला रंगारीण म्हणत. सुईने काढलेला थेंब काचेवर पसरायचा, जांभळ्या रंगात बुडवायचा, वाळला की मायक्रोस्कोपखाली धरायचा, हा तिचा रोजचा उद्योग. एकदा त्या जांभळ्या जगात शिरली की बाईसाहेबांना भूक-तहान आठवायची नाही.

घरी मात्र तोंडाला कुलूप. सासूबाईंशी कधीतरी वाजलं होतं, कशावरून ते आता देवालाच ठाऊक. तेव्हापासून दोघी बोलत त्या मांजरीमार्फत. "मने, तिला सांग, चहा गार होतोय." "मने, त्यांना म्हणावं, आलेच." मनी बिचारी आळीपाळीने दोघींची तोंडं बघायची.

त्या मनीच्या मानेवर गाठ आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "विषाणूमुळे झालेली गाठ आहे ही. क्वचित मांजराच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीच ती मोडून काढतात. थोडे दिवस वाट बघू. वाढत गेली, तर मात्र तिचे हाल करायचे नाहीत, इंजेक्शन देऊन सोडवायचं."

रंगारणीला एकच प्रश्न पडला. मनी गेली तर या घरात बोलायचं कुणी आणि कुणाशी?

मनीची काच तिने स्वतःच रंगवली. गाठीच्या पेशी फुगून ऐसपैस बसल्या होत्या आणि लढणाऱ्या चार-दोन बारक्या पेशी कडेला नुसत्या उभ्या. "अगं बायांनो, बघत काय बसलात? करा की काहीतरी!" ती मोठ्याने म्हणाली. शेजारचा कंपाउंडर खो खो हसला. पण तिला खरंच वाटत होतं, आपण त्या जांभळ्या पाण्यात तरंगतोय आणि एकेकीला हाका मारत फिरतोय.

थोड्या दिवसांनी रंगवलेल्या पुढच्या काचेवर बारक्यांची झुंबड उडाली होती. गाठीच्या पेशी फुटून विरत चालल्या होत्या. हळूहळू मानेवरून बोट फिरवलं तरी गाठ हाताला लागेना.

विषाणू मात्र रक्तात होताच. दुसऱ्या मांजरांना लागण नको म्हणून मनीला आता जन्मभर घरातच ठेवायचं होतं. आणि गाठ पुन्हा येणार नाही, असं डॉक्टरीणबाई काही छातीठोकपणे सांगेनात.

हे सगळं घेऊन रंगारीण घरी आली. मनी सासूबाईंच्या मांडीवर होती. हिने दारातूनच सुरुवात केली, "मने, त्यांना सांग..."

"हळू गं," सासूबाई म्हणाल्या, "झोपलीय ती. ये, इथे बस आणि मला सांग."

रंगारीण जवळ जाऊन बसली. "आई," एवढंच म्हणाली, आणि पुढचं सांगायच्या आधी तिने पोटभर रडून घेतलं.