शरणप्पाचा डावा पाय

माझी शेवटची पोस्टिंग सिकंदराबादजवळच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत होती. हुद्दा हवालदार, काम ड्रायव्हरचं. माझ्या गावी, औरादला, लोक फौजेतलं काही सांगा म्हणतात तेव्हा त्यांना बर्फ आणि गोळीबार हवा असतो. मी एकवीस वर्षं गाडी चालवली आणि गोळीबार फक्त रेंजवर केला. हे सांगितलं की ऐकणारे चहा संपवून उठतात. पण भीती म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. ती मी हुमनाबादच्या पुढे, भर सकाळी, कोरड्या सरळ रस्त्यावर पाहिली.

कंपनी नुकतीच सरावाहून परतली होती. चार दिवस रोज दहा-अकरा तास आम्ही स्टिअरिंगवर होतो. मध्ये एक दिवस गेला आणि हुकूम आला. बावीस गाड्या, तंबू आणि सामान, सोलापूरच्या पुढे पोहोचवायचं. रस्ता जहीराबाद, हुमनाबाद, उमरगा. प्रत्येक गाडीत दोन ड्रायव्हर. माझ्या गाडीत लान्स नाईक शरणप्पा होता.

शरणप्पा आळंद तालुक्यातल्या मादन हिप्परग्याचा. वय एकोणतीस. मला अण्णा म्हणायचा. जेवताना कन्नड बोलायचा, भांडताना मराठी, आणि साहेबांसमोर हिंदीत गप्प बसायचा. कॉन्व्हॉय त्याच्या मुलखातून जाणार म्हणून तो दोन दिवस हवेत होता. त्याने घरी फोन केला होता. त्याचे वडील, अप्पा, हुमनाबादच्या हॉल्टवर जेवण घेऊन येणार होते. बापलेकांची सात महिन्यांत भेट नव्हती.

निघण्याच्या आदल्या दिवशी दुपारी चार वाजता आम्ही गाडी लोड करत होतो. शरणप्पा डाव्या पायावर वजन टाकत नव्हता. मी त्याची पँट वर केली. गुडघ्याखाली त्याने जुन्या ट्यूबची पट्टी आवळून बांधली होती. ही लॉरीवाल्यांची युक्ती. डावा पाय क्लचचा. दिवसभर दाबून दाबून ठणका लागला की रबर बांधतात, पाय बधिर होतो आणि गाडी पुढे जाते.

‘कामून बांधलास?’

‘ठणकायलाय, अण्णा. बांधलं की कळत न्हाई.’

‘नर्सिंग असिस्टंटला दाखव.’

‘दाखवलं की गाडीवरनं उतरवतेत. अप्पा तिथं येऊन बसनार हाय.’

पाच वाजता फॉल-इनला सगळे रांगेत उभे राहिले. सुबेदार साहेबांनी नेहमीचा सवाल केला, ‘किसी को कोई तकलीफ?’ कुणी हात वर केला नाही. शरणप्पा माझ्या उजव्या हाताला ताठ उभा होता. बोलायचं काम माझं होतं, मी सीनियर होतो. मी बोललो नाही. दोस्ती निभावली असं मला त्या वेळी वाटलं.

सकाळी पाचला कॉन्व्हॉय निघाला. जहीराबादपर्यंत मी चालवलं, पुढे तो बसला. दोघांच्याही पाण्याच्या बाटल्या भरलेल्याच राहिल्या. एका माणसाला लघवी लागली म्हणून बावीस गाड्या थांबत नाहीत, त्यामुळे कॉन्व्हॉयचा ड्रायव्हर पाणीच पीत नाही. आम्हाला त्याचा अभिमान होता. आता तो अभिमान आठवला की स्वतःच्या अकलेची कीव येते.

नऊ चाळीसला हुमनाबादजवळ हॉल्ट मिळाला. अर्धा तास. एका ढाब्याच्या बाजूला लिंबाखाली अप्पा गठुडं घेऊन बसले होते. त्यांनी स्वतः तीस वर्षं लॉरी चालवली होती. बापाने पोराच्या तोंडाकडे नंतर पाहिलं, आधी चाल पाहिली.

‘लंगडायलास कामून?’

‘काय न्हाई, अप्पा.’

‘बस. बूट काढ.’

पोटरी सुजली होती. कातडी ताणून चमकत होती आणि हाताला गरम लागत होती. अप्पांनी रबराची पट्टी सोडून फेकली.

‘रक्त साकळलंय,’ ते मला म्हणाले. ‘दाबून मोकळं कराया पायजे. माझ्या हातात आता जोर न्हाई. माधवा, तू दाब. खालनं वर.’

त्यांनी गठुड्यातून तेलाची बाटली काढली. त्या रस्त्यावर ड्रायव्हरने ड्रायव्हरचे पाय दाबायचे हा रिवाज आहे. ओळख लागत नाही. बिदरचा पंजाब्याचे दाबतो, पंजाबी सोलापूरकराचे. कुणी नाही म्हणत नाही. मी मांडी घालून बसलो, त्याचा पाय मांडीवर घेतला आणि दोन्ही अंगठ्यांनी जोर लावून दाबला, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत. दहा मिनिटं. आधी त्याने दात खाल्ले. मग डोळे मिटून म्हणाला, ‘बरं वाटायलंय, अण्णा.’ अप्पा तोवर कडक भाकरी आणि शेंगाची चटणी मांडत होते.

दहा दहाला शिट्टी झाली. शरणप्पा स्वतःहून स्टिअरिंगवर चढला. बापाला आपण गाडी नेताना दिसावं एवढीच त्याची इच्छा होती. अप्पांनी हात वर केला. गाडी निघाली.

पंधरा मिनिटं तो बोलत होता. कोणत्या शेतात कोण भावकी आहे ते सांगत होता. मग गप्प झाला. मी बघितलं तर कपाळावर घाम होता आणि ओठांचा रंग गेला होता.

‘अण्णा, दम लागायलाय.’

‘गाडी बाजूला घे.’

त्याने क्लचसाठी पाय उचलला, पण तो क्लचवर पोहोचलाच नाही. मान पुढे आली. समोर उसाची ट्रॉली होती, साठ-सत्तर मीटरवर. मी उजव्या हाताने त्याला मागे रेटलं, डाव्याने स्टिअरिंग धरलं, आणि त्याच्या पायांवरून माझा पाय ब्रेकवर मारला. हँडब्रेक ओढला. इंजिन धक्का खाऊन बंद पडलं. गाडी कच्च्या रस्त्यावर उतरून थांबली. ट्रॉली आपल्या चालीने पुढे निघून गेली, तिच्या ड्रायव्हरला काही कळलंही नाही.

मधल्या गाड्यांचा वायरलेस सेट माझ्याकडे होता.

‘लीडर, मिडल. गाडी रुकी है. कॅज्युअल्टी. अ‍ॅम्ब्युलन्स भेजो. ओव्हर.’

‘मिडल, एक्सिडेंट?’

‘नहीं साब. शरणप्पा. साँस नहीं ले रहा.’

सेटवर नाव घ्यायचं नसतं. मी घेतलं. अ‍ॅम्ब्युलन्स शेपटीला होती, चार मिनिटांत आली. त्या चार मिनिटांत मी त्याची छाती दाबत होतो आणि माझ्या हातांना तेलाचा वास येत होता. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती.

अकरा वाजून पाच मिनिटांनी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी घड्याळ पाहून तो गेल्याची वेळ लिहिली. मग चादर वर करून पाय पाहिला. म्हणाल्या, ‘कुणी दाबला होता?’

‘मी.’

त्या मोठ्याने बोलल्या नाहीत. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली असणार, असं त्यांनी सांगितलं. तासन्‌तास बसून, पाणी न पिऊन, वर रबर बांधून. अशी पोटरी दाबायची नसते. गाठ सुटते आणि फुफ्फुसात जाते. ‘न दाबताही सुटली असती कदाचित. ते सांगता येत नाही,’ असंही त्या म्हणाल्या. मी हे वाक्य पुढे हजार वेळा घोकलं. त्याने झोप आली नाही.

अप्पा मागून एका लॉरीत बसून आले. दवाखान्यात या, यापलीकडे त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. पोराला पाहून ते भिंतीशी बसले. मग त्यांनी माझे दोन्ही हात धरून कपाळाला लावले.

‘शेवटाला तू त्याचे पाय दाबलास. सख्खा भाऊबी करत न्हाई एवढं.’

कोर्ट ऑफ इन्क्वायरीपुढे मी सगळं सांगितलं. रबर, फॉल-इन, तेल, दहा मिनिटं. अप्पांना मात्र सांगितलं नाही. सांगावं तर त्यांना कळणार होतं की दाब म्हणणारे ते स्वतः होते. म्हाताऱ्याच्या पदरात ते कसं टाकू? असं मी स्वतःला म्हणायचो. खरं कारण वेगळंही होतं. ते मला काय म्हणतील याची मला भीती वाटत होती.

रिटायर झाल्यावर दर वर्षी त्या तारखेला मी मादन हिप्परग्याला जातो. आळंदला बस बदलताना परत फिरावं असं वाटायचं. अप्पा आल्यागेल्याला माझी ओळख करून द्यायचे, ‘ह्यानंच पाय दाबले माझ्या लेकराचे.’ मी खाली बघून भाकरी खायचो.

गेल्या वर्षी गेलो तेव्हा अप्पा बाजेवर पडून होते. उठताना काठीचा आधार लागत होता. आठवडाभर ताप येऊन ते अंथरुणाला खिळले होते.

‘बरं झालं आलास. पाय धरलाय बघ. दाब की जरा.’

उशाशी तेलाची बाटली होती. मी धोतर वर केलं. एक पोटरी दुसरीच्या दीडपट. ताणलेली, चमकणारी, गरम. मी तेलाची बाटली लांब सरकवली.

‘दवाखान्यात जाऊ, अप्पा.’

‘याला काय दवाखाना? दाबलं की उतरतंय.’ ते वाकून स्वतःच दाबायला गेले.

मी त्यांची मनगटं धरली. जोरात धरली. आणि सांगितलं. त्या सकाळपासून डॉक्टरीणबाईंपर्यंत, काही न गाळता. सुबेदार साहेबांना रिपोर्ट द्यावा तसं सांगितलं, कारण दुसरं कसं सांगायचं ते मला येत नव्हतं.

अप्पांनी पायाकडे पाहिलं.

‘म्हंजी दाब मीच म्हनलो.’

‘हात माझे होते, अप्पा.’

‘तुला कवापासनं ठावं हाय?’

‘त्याच दिवसापासनं.’

त्यांनी मनगटं सोडवून घेतली. तोंड भिंतीकडे केलं. मग तसंच म्हणाले, ‘गाडी सांग.’

शेजाऱ्याची जीप घेतली. मी चालवली. अप्पांना मागच्या सीटवर पाय लांब करून झोपवलं. कलबुर्गीपर्यंत दर पाच मिनिटांनी मी एकच विचारत होतो.

‘अप्पा, दम?’

‘न्हाई.’

‘अप्पा, दम?’

‘न्हाई. रस्त्याकडं बघ.’

आळंद गेल्यावर एकदा त्यांनी उत्तर दिलं नाही. मी ब्रेकवर पाय ठेवला. तेव्हा मागून आवाज आला, ‘दाबताना काय म्हनला व्हता त्यो? मी भाकरी सोडत व्हतो, ऐकू आलं न्हाई.’

‘बरं वाटायलंय म्हणाला.’

त्यापुढे मी दम विचारला की ते फक्त हुंकार द्यायचे. दवाखान्यात तपासणी झाली. गाठच होती. इंजेक्शनं झाली, गोळ्या सुरू झाल्या आणि अप्पा वाचले. घरी सोडलं त्या दिवशी ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या तारखेला जावं की नको, हा विचार मी वर्षभर केला.

या वर्षी गेलो. अंगणात शिरलो तर अप्पा ओट्यावर बसले होते. तोंडाकडे न बघता ते माझी चाल बघत होते.

‘लंगडायलास कामून?’

‘बसमधे पाय आखडला.’

‘बस हितं. पँट वर कर.’

मी दोन्ही पोटऱ्या उघड्या केल्या. अप्पा काठी टेकून खाली वाकले. एक पाहिली, दुसरी पाहिली, पुन्हा पहिली पाहिली. हात लावला नाही.

‘बरं हाय,’ ते म्हणाले, आणि मला आत घेऊन गेले. भिंतीवर वर्दीतला शरणप्पा होता. फोटो छातीपर्यंतचाच आहे. त्याच्यासमोर बसून आम्ही भाकरी खाल्ली, आणि या वेळी मी वर बघून खाल्ली.