ड्रायव्हरकाकांची बटणं

धाकटीला नर्स व्हायचं होतं. अर्जासोबत चाळीस तास समाजसेवेचा दाखला हवा होता आणि 'आपण नेमके काय केले' यावर स्वतःच्या हाताने लिहिलेलं एक पान. रक्तदान शिबिरात तिने चार तास बिस्किटं वाटली होती. "त्याला नर्स कशाला हवी?" म्हणून थोरल्या बहिणीने तिची टोपी उडवली. तेव्हापासून ती खरंखुरं काम शोधत होती.

शेवटी अर्धांगवायूच्या रुग्णांना व्यायाम देणाऱ्या केंद्रात तिची सोय लागली. तिथल्या मुख्य बाईंना सगळे व्यायामबाई म्हणत. त्यांनी तिला एका खुर्चीकडे बोट दाखवलं. "त्या काकांशेजारी बस."

काका निवृत्त बसड्रायव्हर. उजवा हात लाकडासारखा झालेला, आणि त्याच हाताने ते शर्टाचं बटण लावत होते. बटण काजात शिरायचं, निसटायचं. दहा मिनिटं गेली. धाकटीचा जीव वरखाली होऊ लागला. तिने पुढे होऊन पाचही बटणं पटापट लावली. काका भिंतीकडे बघत राहिले.

"कोणी लावली ही?" व्यायामबाईंनी विचारलं.

"मी."

"काढ सगळी! पहिलं बटण लावायला त्यांना तीन आठवडे लागलेत, बाई."

धाकटीचा चेहरा खर्रकन उतरला. त्या दिवसापासून ती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायची.

"पोरी, तुलाही झटका आला का?" काकांनी विचारलं.

"हात पुढे जातात हो माझे."

"मग निदान तिकडे बघ. तू बघतेस ना, की बटण लाजतं."

ती खिडकीकडे बघू लागली. एका गुरुवारी कानावर "हं!" आलं. वळून पाहिलं तर तिसरं बटण लागलेलं, आणि काका घामाघूम.

तास भरले, बाईंनी सही दिली. पान मात्र कोरंच.

"बाई, मी तर काहीच केलं नाही. काय लिहू?"

"ते मला काय विचारतेस?" म्हणत त्या पुढच्या रुग्णाकडे वळल्या.

"रुग्णांची मनोभावे सेवा केली, असं लिही," आई म्हणाली. "कोण बघायला येतंय?"

"बसून होते, असं लिही," थोरली म्हणाली. "अर्ज थेट केराच्या टोपलीत."

दोन्हींतलं काहीच तिला खोटं वाटेना, खरंही वाटेना. खूप खाडाखोड करून तिने लिहिलं: 'एका काकांची बटणं मी लावली, ती चूक झाली. नंतर मी नुसती शेजारी बसले. तिसरं बटण त्यांनी स्वतः लावलं. ते मी बसले म्हणून लागलं, की मी नसते तरी लागलं असतं, हे मला समजलेलं नाही.'

सोमवारी नर्सिंग कॉलेजात अर्ज घेणाऱ्या खिडकीवरच्या कारकुनाने पान उलटसुलट केलं. "अर्धं रिकामंच आहे की."

"हो," ती म्हणाली. घरून भरून आणू का, असं विचारणार होती. तेवढ्यात रांगेतली मागची मुलगी पुढे सरकली, कारकुनाने शिक्का मारला आणि धाकटीचा अर्ज गठ्ठ्यात गेला.